पिठाचा हात

अण्णा, इथे मी दिवसातून दहा वेळा तुम्हाला हाक मारते आणि दर वेळी दुसराच कुणीतरी ओ देतो. बसचा कंडक्टर अण्णा, शहाळीवाला अण्णा, माझ्याहून कितीतरी लहान असलेला रिक्षावालाही अण्णा. आपल्या घरी अण्णा म्हणजे वडील, इकडे थोरला भाऊ, आणि परक्या पुरुषाला हाक मारायची सभ्य रीत हीच. पहिले काही महिने शब्द तोंडातून गेला की मी चपापायचे. आता सवय झालीय. तरी एखाद्या संध्याकाळी कॉफीच्या दुकानात मी ‘अण्णा, एक कॉफी’ म्हणते आणि तो मान न वळवता नुसता हात वर करतो, तेव्हा माझं चित्त काही थाऱ्यावर राहत नाही. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, की हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण डोक्यात नुसता गुंता झालाय, आणि तो दुसऱ्या कुणापुढे उकलायला घेतला तर वेड्यात काढतील.

मी सध्या कुंभकोणमला असते. ऐकून तुम्ही भुवई वर केली असती, बाकी काही नाही. पुण्याची आमची कंपनी धातूच्या मूर्ती परदेशी पाठवते. त्या घडतात इथून जवळ, स्वामीमलैला. तिथून त्या नीट गुंडाळून, लाकडी खोक्यांत ठोकून जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी माझी. आधीच्या माणसाला इथलं जेवण मानवलं नाही, म्हणून मला विचारलं. मागेपुढे कुणी नसलेल्या बाईला कुठेही धाडता येतं, हे साहेब तोंडाने बोलला नाही, पण त्याच्या मनात ते होतंच. मीही म्हटलं, चला. पासपोर्ट लागत नाही एवढंच, एरवी हा परदेशच आहे. अक्षरं सगळी सोऱ्यातून पाडल्यासारखी, बसवर लिहिलेलं गाव वाचता येत नाही. सकाळी सहाला समोरच्या घरातली म्हातारी दारात सडा टाकून रांगोळी काढते आणि माझ्या कोरड्या दाराकडे बघून काहीतरी पुटपुटते. ते चांगलं असतं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. ‘हो’ म्हणताना ही माणसं मान अशी हलवतात, की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘बघू’ होईल. भाकरी खावीशी वाटली तर ज्वारीचं पीठ मिळत नाही. हे मी गिरणीवाल्याला सांगतेय, ध्यानात ठेवा.

एक मात्र कबूल करायला हवं. बाजारात माझं पहिल्या दिवसापासून अडलं नाही, आणि त्याचं श्रेय तुमचं. तमिळचा एक शब्द येत नव्हता, पण किती, केवढ्याला, हे नको ते द्या, थोडं अजून, उद्या येते, सगळं मी हाताने बोलले. भाजीवाली हसायची आणि वर कढीपत्ता घालायची. गिरणीत वाढलेल्या पोरीला हे वेगळं शिकावं लागत नाही. मला अजून दिसतंय. मी सात-आठ वर्षांची आहे, दिवाळीआधीची गर्दी, डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय. शेजारच्या काकू दळण घेऊन येतात आणि मी पोत्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडते, या काकू, बसा. तुम्ही वळता. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणता, ‘ओरडू नको. देवाने हात कशाला दिलाय?’ आणि काकूंकडे बघून तो तुमचा हात करता. पंजा थोडा वर, दोन बोटं आत ओढलेली, मग बाकाकडे. या, डबा ठेवा, बसा, वेळ लागेल, सगळं त्या एका हातात. काकू बसल्या. सगळी बार्शी बसायची. मी तो हात तुमच्याकडून घेतला आणि तो पुढे जन्मभर माझ्या अंगात राहिला.

आता अक्कांचं सांगते, कारण गुंता तिथूनच सुरू झाला. माझ्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये छातीएवढी भिंत. अक्का साठीच्या, त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, एक मुलगी कॉलेजात शिकवणारी. राहायला आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी फोनवर पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, ‘तुम्ही मराठी काय? यावें, कॉफी प्यावी.’ मी फोन तसाच हातात धरून उभी. आपल्या गावच्या कीर्तनकारबुवांनी भिंतीआडून बोलावं तसं वाटलं. तंजावरला मराठी राजे होते ना, त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांचे हे वंशज. तीनेकशे वर्षं इथेच. घरात अजून मराठी बोलतात, पण त्या वेळची, आणि बोलता बोलता तमिळमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मला आधी हसू आलं, मग उगीच रडू आलं. अक्कांनाही माझ्या बोलण्याचं हसूच येत होतं. ‘तुमचें मराठी फार घाईचें,’ त्या म्हणाल्या, ‘गाडी सुटत असावी तसें.’

त्यानंतर माझा एक रविवार रिकामा गेला नाही. अक्का निघाल्या की मी निघायचे. महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळचं बसणं, कुणाच्या मुंजीला, कुणाच्या डोहाळजेवणाला, बसने इन्नंबूरच्या देवळाला, दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं. नवरात्रात इथे पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात आणि बायका एकमेकींकडे बघायला जातात. जाईल तिथे पाहुणीला गाणं म्हणायला लावायचं अशी रीत. अक्कांनी मला घरोघर फिरवलं आणि सगळीकडे पुढे केलं. मला येतात ती भोंडल्याची गाणी. त्यातलं एक मी इतक्या घरांत म्हटलं, की शेवटी शेवटी अक्कांची मुलगी टाळ्या वाजवून साथ करायला लागली. तिरुक्करुगावूरला गेलो होतो तेव्हाचंही आठवतं. ते गर्भ राखणाऱ्या देवीचं गाव, पोटुशा बायका आणि मूल हवं असलेली जोडपी तिथे येतात. अक्कांच्या भाचीचा नवस होता. मी आपली सहल म्हणून गेलेली, डब्यात लिंबाचा भात. रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. अक्कांनी तमिळमध्ये दोन शब्द टाकले आणि ती बाई गप्प झाली. काय सांगितलंत म्हणून विचारलं, तर अक्का म्हणाल्या, भात खावा. मी राहायला आल्या आल्या त्यांनी एकदाच विचारलं होतं, घरी कोण कोण. मी कुणी नाही म्हटलं. पुन्हा त्या वाटेला त्या गेल्या नाहीत.

बाकी रीतभात त्यांनी मला सगळी शिकवली. जेवण झालं की केळीचं पान आपल्याकडे मिटायचं, पलीकडे मिटतात ते मयताच्या जेवणाला. देणंघेणं उजव्या हाताने. निघताना विडा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकच गोष्ट शिकवायची राहिली, कारण ती कुणाला शिकवावी लागते हे अक्कांच्या स्वप्नातही आलं नसणार.

मुलीचं लग्न ठरलं. इथे पत्रिका पोस्टाने आली तर ते आमंत्रण धरत नाहीत. नवराबायकोने जोडीने जायचं, ताटात कुंकू, पानसुपारी, पत्रिका. ज्या शनिवारी ते दोघं माझ्याकडे आले, तेव्हा माझं एक खोकं बंदरात अडकलं होतं आणि मी सकाळपासून फोनवर एका माणसाशी भांडत होते. दार उघडंच होतं. बघते तर उंबऱ्यात अक्का, रेशमी लुगडं, डोक्यात मोगरा, हातात ताट, मागे यजमान. मला इतका आनंद झाला. फोन कानाला तसाच, मी हात केला. पंजा थोडा वर, दोन बोटं आत, मग खुर्चीकडे. खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून पलंगावर टाकले आणि दूध ठेवायला आत पळाले. घरचीच माणसं, त्यांच्याशी उपचार कसला, असं म्हणायलासुद्धा मी थांबले नाही. कॉफी घेऊन बाहेर आले तर दोघं उंबऱ्यातच उभी. ताट तसंच हातात. मी म्हटलं, बसा ना. तेव्हा आत आली, खुर्चीच्या काठावर टेकली, अक्कांनी मला कुंकू लावलं, पत्रिका दिली, दोघांनी कॉफीचा एकेक घोट घेतला आणि निघाली. मला वाटलं, घाईत असतील, अजून किती घरं राहिली असतील. मी पुन्हा फोन लावला.

दुसऱ्या दिवसापासून भिंत नुसती भिंत झाली. रोज संध्याकाळी तिच्यावर एखादी वाटी यायची, कधी रसम, कधी चकली, ती बंद. मी अंगणात गेले की अक्का दोरीवरचे कपडे काढायला वळायच्या. भांडण नाही, तंटा नाही. मुलीला विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, अम्माला लग्नाची कामं आहेत. मी रात्रंदिवस आठवत बसले, कुठे चुकलं. कॉफी पातळ झाली होती का? कपडे पलंगावर टाकले ते दिसलं का? फोनवर शिव्या दिल्या, त्या तर मराठीत दिल्या नव्हत्या. या गावात माझं एकच घर होतं, अण्णा. ते बंद झालं तर मग उरतो तो कारखाना आणि खोली. पुण्याला फोन करून परत बोलवा म्हणावं, असंही एकदा मनात आलं.

शेवटी कारखान्यात विचारलं. आमच्या कारखान्यात हिशेब बघणारे एक गृहस्थ आहेत, जन्मापासून वैतागलेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘वांग म्हणालात का?’ वांग म्हणजे या. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हा शब्द भाजीचा वाटला होता. मी म्हटलं, हात केला की. त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. दारात माणूस आलं की घरातल्या प्रत्येकाने तोंडाने ‘वांग’ म्हणायचं. एकाने म्हटलं म्हणून दुसऱ्याचं भागत नाही. आणि तोंडाने म्हणत नाहीत ते एकाच घरी, जिथे मयत झालंय तिथे. त्यांच्या काकूने कुठल्याशा समारंभात दिव्यात तेल घालता घालता त्यांच्या वडिलांना वांग म्हटलं नाही, तर दोन्ही घरांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. वडील पुढे त्या घरी गेले ते एकदम काका वारले तेव्हा. ‘आणि तेव्हा तर म्हणायचं नसतंच,’ एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी बसमध्ये बसून घरी येईपर्यंत माझ्या हाताकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मंगलकार्याचं ताट घेऊन आलेल्या माणसांना मी मयताच्या घरी करतात तसं केलं होतं.

त्याच संध्याकाळी अक्कांच्या दारात गेले. काय सांगायचं ते ठरवत होते, की माझे वडील गिरणीवाले होते, आमच्याकडे असंच चालायचं. यजमान पेपर वाचत होते. ते उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, यावें. आतून अक्का पदर सावरत आल्या, त्याही म्हणाल्या, यावें. मुलगी जिन्यावरून, यावें. तिघांनी तीनदा. मला चांगल्या खुर्चीत बसवलं, पाहुण्यांच्या चांदीच्या फुलपात्रात कॉफी दिली, तब्येत विचारली, निघताना विडा दिला. इतकं सगळं रीतीप्रमाणे झालं, की गिरणीचं सांगायचं तसंच राहिलं. आधी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून स्टीलच्या भांड्यातून कॉफी प्यायचे आणि भांडं विसळून ठेवायचे. माझ्याकडून राहिलेला तो शब्द त्यांनी मला पुरेपूर परत केला होता, आणि तो असा लागला, की घरी येऊन मी मुसमुसून रडले.

पण रडताना अक्का नव्हत्या डोळ्यांपुढे. तुम्ही होतात. कसलं कुठे जोडलं जातं बघा. सासर सोडून मी बार्शीला आले तो दिवस. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. ती असती तर मी कोपऱ्यावर दिसले तेव्हाच तिने ‘आली गं बाई माझी’ म्हणून सगळी आळी गोळा केली असती. आपल्या घराचं या-बसा सगळं तीच बघायची, तुमच्यावर ते काम कधी पडलंच नव्हतं. मी एस.टी. स्टँडवरून चालत आले, हातात बॅग. गिरण चालू होती. तुम्ही वर बघितलंत आणि हात केलात. पंजा थोडा वर, दोन बोटं आत, मग बाकाकडे. गिऱ्हाइकाला करता तोच, त्यात काही कमी नाही, जास्त नाही. मी बाकावर बसले, दोन डब्यांच्या मध्ये. तुम्ही चालू दळण संपवलंत, गिरण बंद केलीत. रांगेत डबे असताना गिरण बंद झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मग तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत. आता आवाज नव्हता. आता बोलता आलं असतं. मी वाट बघत होते, की तुम्ही ये म्हणाल. नुसतं ये. तुम्ही अंगावरचं पीठ झटकलंत आणि चहा ठेवायला आत गेलात.

शटर तुम्ही लोकांनी मला बघू नये म्हणून ओढलंत, असं मी तेव्हा धरून चालले. मुलगी नांदत नाही, त्याची लाज. रात्री शेजारून आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. मी मनाशी म्हणत होते, विचारा आता, काय झालं ते विचारा, ओरडा हवं तर. तुम्ही बराच वेळ ताटात बघत बसलात आणि विचारलंत, ‘किती दळू?’ बस्स. किती दळू. मला ते असं ऐकू आलं, की किती दिवस आहेस. मी ताठपणे म्हणाले, दोन दिवसांपुरतं. तुम्ही मान हलवलीत. तिसऱ्या दिवशी मी पुण्याची गाडी धरली. निघताना तुम्ही माझ्या मांडीवर कापडी पिशवी ठेवलीत, ज्वारीचं पीठ, अजून गरम. गरम पीठ डब्यात कोंबू नको, आंबेल, एवढं म्हणालात. एस.टी.त ती ऊब पार टेंभुर्णीपर्यंत मांडीला लागत होती. ते पीठ मला एकटीला महिनाभर पुरलं. भाकऱ्या थापताना मी दर वेळी चिडायचे, की दोन दिवसांचं सांगितलं होतं, मग हे एवढं कशाला. त्यानंतर मी बार्शीला आले ती सणासुदीला, पाहुणीसारखी. तुम्ही प्रत्येक वेळी हात केलात.

लग्नाला जावं की नाही, मी ठरवू शकत नव्हते. न जावं तर आमंत्रण नाकारलं असं होतं, आणि जावं तर दारात काय होईल ही भीती. शेवटी हिरवी साडी नेसले आणि गेले. कार्यालयाच्या दारात नादस्वरम वाजत होतं, गुलाबपाणी, चंदन, खडीसाखर घेऊन मुली उभ्या होत्या आणि अक्का, यजमान येईल त्याला हात जोडत होते. वांग, यावें, वांग, यावें. माझ्यापुढे एक जाडसा गृहस्थ, त्याची बायको, दोन पोरं. पोरांनासुद्धा यावें. मग मी. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी उभी. मागे लोक खोळंबलेले. मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात ठेवला, हनुवटीने आतल्या बाजूला दाखवलं, आणि माझ्यामागच्या माणसाला म्हणाल्या, यावें.

तो जुडगा फराळाच्या खोलीचा होता. सबंध लग्न मी तिथे काढलं, अण्णा. कुणाला लाडू, कुणाला जिलबीचं ताट, विड्यांच्या पिशव्या भरायच्या, आचारी येऊन तमिळमध्ये खेकसायचा आणि मी हाताने उत्तर द्यायचे. अंतरपाट धरला तेव्हा धावत जाऊन दारातून बघितलं. मंगलाष्टकं अशा सुरात, की शब्द आपले आणि चाल परकी. सभागृहात खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांना ‘यावें’ मिळालं होतं. मला मिळालं होतं काम. मी विचार करत होते, हा बदला आहे का? तू म्हणाली नाहीस, मीही म्हणत नाही, जा मागे जाऊन राब. की हे दुसरंच काही आहे? कारण त्या खोलीत माझ्याबरोबर होत्या त्या अक्कांची सख्खी बहीण आणि नवसवाली भाची. त्यांना तरी दारात कुणी यावें म्हटलं असेल का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दुपारी पंगत उठल्यावर अक्का आत आल्या, धपकन पोत्यावर बसल्या, पाय चोळू लागल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘अक्का, मला तुम्ही या म्हणाला नाहीत.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, प्रेमानेही नाही, फक्त दमलेल्या माणसासारखं. ‘तुम्हांस काय म्हणावें?’ त्या म्हणाल्या. ‘कामें पडलीं आहेत.’ आणि विड्याच्या पिशव्या मोजायला लागल्या.

हे कसं घ्यायचं? मी गेले चार दिवस त्यावरच विचार करतेय. कारखान्यातल्या हिशेबवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, दोन्हींपैकी काहीही असू शकतं, तुम्ही तोंड बघायला हवं होतं. तोंड तर मी बघितलं. तोंड तुमचंही बघितलं होतं. ‘तुम्हांस काय म्हणावें’ आणि ‘किती दळू’, दोन्ही एकाच घरची वाक्यं वाटायला लागलीत मला. ज्याला राहायचंय त्यालाच किती दळू विचारतात ना? जाणाऱ्याला विचारतात, काय बांधून देऊ. की तुम्ही गिरणीवाले म्हणून येईल त्याला तेच विचारायचात? शटर ओढलंत ते लोकांपासून मला लपवायला, की गिऱ्हाइकं परत पाठवून माझ्याजवळ बसायला? की आई गेल्यापासून आपलं घर मयताचंच राहिलं होतं, आणि तिथे कुणाला ये म्हणायचं नसतं? एक धरलं की दुसरं सुटतं. इतकी वर्षं माझं एक नक्की होतं, की तुम्ही मला घरात घेतलं नाहीत. ते नक्की असण्यावर मी पुणं केलं, नोकरी केली, कुंभकोणम केलं. आता तेही हातातून गेलंय, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही. मला तुमचा राग येतोय. बोलायला तोंड होतं ना तुम्हाला.

अक्कांच्या घरची सगळी मुलीला पोचवायला त्रिचीला गेलीत, उद्या परततील. भिंतीपलीकडे अंधार आहे. किल्ल्यांचा जुडगा मी लग्न उठल्यावरच यजमानांच्या हातात दिला, त्यांनी तो कमरेला खोचला. उद्या ती दोघं रिक्षातून उतरली की मी दारात जाणार आणि तोंडाने म्हणणार, या अक्का. दोघांना वेगवेगळं म्हणणार. दुपारभर ते मोठ्याने म्हणून बघितलं, समोरची म्हातारी रांगोळीचा डबा घेऊन बघत उभी राहिली, तर तिलाही म्हटलं, वांग. ती घाबरून आत गेली.

एक सांगायचं राहिलं. मी हल्ली संध्याकाळी दार उघडं ठेवते. कुणी विचारलं तर वारा येतो म्हणून सांगते. वारा काही येत नाही, डास येतात. खरं म्हणजे कुणी आलं तर म्हणता यावं म्हणून ठेवते. पण अण्णा, त्या दारात तुम्ही उभे राहिलात, भुवयांवर पीठ, तर मी काय करेन हे मला सांगता येत नाही. बहुतेक हातच करीन. तुम्हाला कळेल ना?